खर्जाची तार, स्वयंभू गंधार आणि हायब्रिड इयरफोनमधला सांधा

हार्मोनियमच्या काळी एक पट्टीला लावलेल्या तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. तार नीट जुळली असेल तर तिच्यातूनच स्वयंभू गंधार, म्हणजे वेगळा न छेडता आपोआप उमटणारा ‘ग’, ऐकू येतो. तो मूळ कंपनाच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास. जवारीचा, म्हणजे घोडीवर घासत वाजणाऱ्या तारेचा झणत्कार त्याच्याही कितीतरी वर, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे पसरलेला असतो. तार मात्र एकच. हायब्रिड इयरफोनमध्ये या एका तारेचा आवाज दोन-तीन वेगवेगळ्या यंत्रांत वाटला जातो आणि कानाच्या तोंडाशी तो पुन्हा एक व्हावा लागतो. तसा झाला तर तानपुरा शेजारी टेकवून ठेवल्यासारखा वाटतो. नाही झाला तर खर्ज एकीकडे घुमतो, जवारी दुसरीकडे किणकिणते आणि गंधार मधल्यामध्ये हरवतो.

ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात कानावरून मागे वळवलेली वायर आता बऱ्याच जणांच्या कानात दिसते. हे इन-इयर मॉनिटर, बोलताना आयईएम. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: १ डायनॅमिक, ४ बीए. घेणाऱ्याचा पहिला प्रश्नही हाच, ‘ड्रायव्हर, म्हणजे आतली आवाज काढणारी यंत्रं, किती?’ पण या आकड्यावरून आवाजाबद्दल फारच थोडं कळतं. चार ड्रायव्हरचा नीट जुळवलेला संच आठ ड्रायव्हरच्या घाईत जुळवलेल्या संचापेक्षा सहज सरस वाजतो. पाहायचा असतो तो ड्रायव्हर-ड्रायव्हरमधला सांधा.

दोन जातींचे ड्रायव्हर

डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे लहान झालेला स्पीकरच. पातळ पडदा, त्याला चिकटवलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि भोवती चुंबक. गुंडाळीत विद्युतप्रवाह आला की ती मागेपुढे सरकते आणि पडदा हवा ढकलतो. आयईएममध्ये पडद्याचा व्यास साधारण ६ ते १२ मिलिमीटर असतो, १० मिलिमीटर सर्रास. पडदा बराच सरकू शकतो, म्हणून डग्ग्याचा घुमारा किंवा ढोलकीची धुम याच्याकडून भरदार येते. मात्र त्याला श्वास घ्यायला जागा लागते. कवचाला बारीक छिद्रं ठेवावीच लागतात.

बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे बीए, हे वेगळंच यंत्र आहे. सहा-सात मिलिमीटर लांबीची धातूची डबी. आत दोन चुंबकांच्या मधोमध एक पातळ लोखंडी पत्ती तोललेली असते आणि पत्तीभोवती गुंडाळी. प्रवाह आला की पत्ती कधी वरच्या, कधी खालच्या चुंबकाकडे किंचित ओढली जाते. तिच्या टोकाला जोडलेली केसासारखी दांडी ही हालचाल छोट्या पडद्यापर्यंत पोचवते आणि आवाज डबीच्या चोचीतून बाहेर पडतो. हे तंत्र श्रवणयंत्रांतून आलं. अमेरिकेची नोल्स आणि डेन्मार्कची सोनियन या त्यातल्या मोठ्या नावांच्या कंपन्या. १९९१ साली एटिमोटिकने ईआर-४ हा एकाच बीएचा इयरफोन आणला आणि इतक्या छोट्या डबीतून इतका स्वच्छ आवाज निघतो हे लोकांनी ऐकलं.

बीएला वीज कमी लागते, जागा कमी लागते, मध्यसप्तक आणि तारसप्तक तो सुरेख मांडतो. पण पत्तीला सरकायला जागाच थोडी. खोल खर्ज मोठ्याने मागितला की ती आपल्या मर्यादेपाशी पोचते आणि विकृती वाढते. म्हणून तळाला डायनॅमिक आणि वर बीए अशी जोडी लावतात, तीच हायब्रिड. २०११ सालच्या एकेजी के३००३ मध्ये एक डायनॅमिक आणि दोन बीए होते. पुढे आलेल्या मूनड्रॉप ब्लेसिंग २ मध्ये एकाला चार, तर ट्रूथइयर हेक्सामध्ये एकाला तीन असा हिशेब आहे. अगदी वरच्या पट्ट्यासाठी काहीजण इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा पिएझो ड्रायव्हर घालतात. सांध्यांची अडचण त्यांनाही तीच.

वाटणी कशी होते

वाटणीचं काम क्रॉसओव्हर करतो. बीएच्या वाटेत एक कपॅसिटर ठेवला की खालचे स्वर अडतात आणि वरचे पुढे जातात. कुठून अडवायचं याचं सूत्र सोपं आहे: १ भागिले (२ × पाय × ओहम × फॅरड). ३२ ओहमचा ड्रायव्हर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर उत्तर येतं सुमारे १०५८ हर्ट्झ. तिथून खाली दर सप्तकाला आवाज ६ डेसिबलने उतरत जातो. हा उतार फार तीव्र नाही. एक सप्तक खाली, ५०० हर्ट्झपाशीही हा बीए बऱ्यापैकी बोलत असतो आणि नेमका त्याच पट्ट्यात दुसरा ड्रायव्हरही बोलतो. सांध्याचा सगळा प्रश्न इथे सुरू होतो.

शिवाय हे सूत्र ओहम स्थिर धरतं. बीएचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा ओहममधला विरोध, कंपनसंख्येबरोबर चढतो, कारण आत गुंडाळी आहे. कागदावरचा १०५८ प्रत्यक्षात बराच सरकतो. बाजारात मिळणारे कपॅसिटरही छापील मापापेक्षा २० टक्के इकडेतिकडे असू शकतात. डाव्या कानात एक टोक आणि उजव्यात दुसरं आलं तर दोन्हीकडचे सांधे वेगळ्या ठिकाणी पडतात आणि गायकाचा आवाज काही स्वरांवर मधून सरकून बाजूला जातो. मन लावून काम करणारे जुळवणीआधी कपॅसिटर आणि ड्रायव्हर दोन्ही मोजून जोड्या लावतात. महाग संचात पैसे कशाला द्यायचे असं कुणी विचारलं, तर या कामाला द्यायचे.

आता उलटी बाजू. डायनॅमिकला तळाचं काम दिलं, तर त्याचा वरचा आवाज कापायला हवा. विजेच्या मार्गाने कापायचं तर इंडक्टर लागतो. ३२ ओहम आणि २०० हर्ट्झसाठी तो येतो २५ मिलिहेन्रीच्या घरात. एवढी गुंडाळी कानातल्या कवचात मावत नाही, आणि मावण्याइतक्या बारीक तारेची केली तर तिचा स्वतःचाच रोध सगळा हिशेब बिघडवतो. म्हणून कापायचं काम हवेवर सोपवतात. पडद्यासमोर छोटी पोकळी ठेवायची आणि तिथून आवाज लांब, अरुंद नळीतून बाहेर काढायचा. नळीतल्या हवेला वजन असतं. संथ कंपनांबरोबर ती हवा सरकते, जलद कंपनांना दाद देत नाही. नळी जितकी लांब आणि अरुंद, तितकी कापणी खालून. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटिंगमुळे हे फार सोपं झालं, कारण कवचाच्या आतच वळणावळणाची नळी छापता येते.

ही कापणी केलीच नाही तर काय होतं? डायनॅमिक ५००-६०० हर्ट्झच्याही पुढे जोमाने वाजत राहतो, वर बीएही तेच वाजवतो. पुरुषी आवाज जाड होतो, हार्मोनियमचा खालचा भाग गढूळ होतो. स्वस्त हायब्रिडमध्ये सगळ्यात जास्त भेटणारा दोष हाच.

बीएच्या नळीत डँपर बसवतात. दोन मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या टोपीत ताणलेली बारीक जाळी. बीएला नळी जोडली की दोन-तीन हजार हर्ट्झवर टोकदार शिखर उठतं, डँपर ते दाबतो. नोल्सच्या डँपरना रंगांची खूण आहे: पांढरा ६८०, तपकिरी १०००, हिरवा १५००, लाल २२००, नारिंगी ३३००, पिवळा ४७०० ध्वनिक ओहम. आकडा मोठा तितका दाब जास्त. दुरुस्तीत हिरव्याच्या जागी लाल बसला तर तो इयरफोन मवाळ होतो. म्हणून जुना डँपर काढताना रंग आधी टिपून ठेवावा.

दोन पावलं एकत्र पडली पाहिजेत

दोन ड्रायव्हर एकाच पट्ट्यात वाजतात तेव्हा दोघांचे पडदे एकाच क्षणी पुढे यायला हवेत. एक पुढे येताना दुसरा मागे गेला तर हवा ढकलली जातच नाही आणि तिथे आवाजात खड्डा पडतो. कपॅसिटर स्वतःच आवाजाची वेळ थोडी सरकवतो, नळीची लांबीही सरकवते. ३ हजार हर्ट्झला ध्वनिलहर साधारण ११४ मिलिमीटर लांब असते. दोन नळ्यांत १० मिलिमीटरचा फरक असेल तर (लहरीचा एक पूर्ण फेरा ३६० अंशांचा धरून) सुमारे ३१ अंशांची चूक होते आणि ती चालून जाते. ८ हजार हर्ट्झला लहर ४३ मिलिमीटर. तोच १० मिलिमीटरचा फरक ८४ अंशांवर जातो. म्हणून ट्विटरचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्ट्याचा बीए शक्य तितका नोझलजवळ, म्हणजे इयरफोनच्या कानात जाणाऱ्या तोंडाजवळ बसवतात आणि मधल्याच्या नळीची लांबी मोजून कापतात. तरीही खड्डा राहिला तर जुळवणारा एका ड्रायव्हरच्या दोन तारा उलटसुलट करून पुन्हा मोजतो. कित्येकदा तेवढ्यानेच खड्डा भरतो. एखाद्या ड्रायव्हरच्या तारा उलट्या जोडलेला संच सदोष असतो असं नाही. अनेकदा ती मुद्दाम केलेली दुरुस्ती असते.

‘डायनॅमिक संथ, बीए चपळ, म्हणून दोघांचं जुळत नाही’ असं सर्रास ऐकायला मिळतं. त्यात तथ्य थोडं आहे. बहुतेक वेळा जे तुटक वाटतं त्याच्या मुळाशी २०० ते ५०० हर्ट्झमधला खड्डा किंवा फुगवटा असतो. तो भरला की तेच दोन ड्रायव्हर एका सुरात बोलतात.

तानपुऱ्याची परीक्षा इथे फार कामाची. काळी एकच्या तानपुऱ्याचं साधं ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावावं आणि फक्त खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यावं. छेडल्यावर आधी घुमारा, मग गंधार उमलतो आणि जवारी हळूहळू विरते. गंधार उमललाच नाही तर ३५० हर्ट्झजवळ खड्डा असण्याची शक्यता मोठी. तो इतर सगळ्यांच्या डोक्यावर बसला तर तिथे फुगवटा. मग काळी पाचचा तानपुरा ऐकावा. त्याची खर्जाची तार साधारण ११७ हर्ट्झची, गंधार ५८० च्या पुढे. पहिल्यात बिनसतंय आणि दुसऱ्यात ठीक, असं झालं तर सांधा कुठे उघडा आहे ते कानानेच सापडतं.

शेवटचा सांधा कानात

कानाचा बोगदा साधारण २५ मिलिमीटरचा, एका टोकाला उघडा. त्यामुळे उघड्या कानाला ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज नैसर्गिकपणे मोठा ऐकू येतो. इयरफोनने तोंड बंद केलं की हा उठाव जातो, म्हणून तो इयरफोनलाच भरून द्यावा लागतो. इयरफोनच्या आवाजाच्या आलेखात तिथे दिसणारी टेकडी मुद्दाम ठेवलेली असते. उलट बंद बोगद्याचं स्वतःचं शिखर तयार होतं. टिपपासून (कानात बसणाऱ्या मऊ टोपीपासून) कानाच्या पडद्यापर्यंत २० मिलिमीटर उरले तर ते साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास येतं. टिप आत ढकलली की शिखर वर सरकतं, बाहेर आली की खाली. झांजा आणि ‘स’चा उच्चार टोचत असेल तर इयरफोन बदलण्याआधी एक माप मोठी किंवा लहान टिप लावून खोली बदलून पाहावी.

बासचं सगळं गणित हवाबंद बसण्यावर आहे. टिपच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी खर्ज निघून जातो. तपासायचं असेल तर १०० हर्ट्झचा आणि ३० हर्ट्झचा सूर पाठोपाठ वाजवावा. दुसरा जवळजवळ गायब होत असेल तर टिप बसलेली नाही. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी लावणारे पुष्कळ आहेत. फोमच्या टिप फट उत्तम भरतात, पण ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, थोडे खातात. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून इयरफोन सावकाश सारावा. दाबून घातला की डायनॅमिकच्या पातळ पडद्याचा चुरचुर आवाज येतो. त्याने बहुधा बिघडत काही नाही, पण सवय चांगली नव्हे.

लोकलमध्ये रुळांचा घरघराट मुख्यतः खालच्या पट्ट्यात असतो आणि छिद्रं असलेला हायब्रिड त्याला पूर्ण अडवू शकत नाही. घरघर खर्जाला झाकते, ऐकणाऱ्याला बास कमी वाटतो आणि तो आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८९ ला ५. म्हणून कुठल्याही संचाचा बास गाडीत बसून जोखू नये. घरी, पंखा बंद करून ऐकावा.

फोन, डोंगल आणि मिक्सर

अनेक ड्रायव्हरच्या संचाचा इम्पीडन्स सपाट नसतो. समजा तो १ हजार हर्ट्झला ३० ओहम आणि ५ हजारला ८ ओहम आहे. डोंगलचा (फोनला इयरफोन जोडणाऱ्या छोट्या अडॅप्टरचा) आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर या दोन ठिकाणांत पाऊण डेसिबलच्या आत फरक पडतो, तो कळणारही नाही. तोच संच १० ओहमच्या आउटपुटला लावला तर ५ हजारचा भाग तब्बल साडेचार डेसिबलने खाली बसतो. इयरफोन तोच, गाणं तेच, आणि जवारी मात्र विझलेली. छोट्या मिक्सरच्या हेडफोन-आउटला दहा-वीस ओहम असणं नवलाचं नाही. ठोकताळा असा: आउटपुटचे ओहम इयरफोनच्या सगळ्यात कमी ओहमच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावेत.

तलावपाळीच्या दिवाळी पहाटेला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात मंचावर आयईएम वापरायचे असतील तर आणखी एक गोष्ट. गायकाने कान हवाबंद केला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. हाडांतून आलेलं कंपन बोगद्यातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून. टिप खोलवर, हाडाच्या भागापर्यंत गेली की हा घुमारा कमी होतो. साच्यातून बनवलेले कस्टम संच याचसाठी घेतात. ऑडिओलॉजिस्ट कानात कापसाचा अडसर ठेवून दोन भागांचं सिलिकॉन भरतात, ते काही मिनिटांत घट्ट होतं. साचा बोगद्याच्या दुसऱ्या वळणापलीकडे गेलेला हवा. गायकाने तो तोंड उघडं ठेवून, दातांत ठोकळा धरूनच द्यावा. जबडा उघडला की बोगद्याचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाने घेतलेला साचा तान घेताना सुटतो आणि खर्ज त्याच क्षणी गळतो.

बिघाड कुठला, ते ओळखणं

एका बाजूचा आवाज बसला तर आधी केबल अदलाबदल करावी: डावी तार उजव्या इयरफोनला. बिघाड तारेबरोबर सरकला तर केबल, इयरफोनबरोबर राहिला तर इयरफोन. ०.७८ मिलिमीटरची टू-पिन केबल असेल तर ती उलटी बसू शकते. एकच बाजू उलटी बसली तर आवाज मधोमध न राहता डोक्याभोवती पसरतो आणि बास पोकळ होतो. नवीन केबल लावल्यावर ‘साउंडस्टेज (आवाजाचा भोवतालचा पसारा) वाढला’ असं वाटलं तर आधी ही पिन तपासावी. केबलची दुसरी जोडणी एमएमसीएक्स, ती गोल फिरते. सतत फिरवल्याने सैल होते आणि खरखर सुरू होते.

संच जमिनीवर पडल्यावर एखादा बीए झिणझिणू लागला किंवा अगदी मंदावला, तर आतली पत्ती चुंबकाला टेकली असण्याची शक्यता असते. तो ड्रायव्हर बदलावाच लागतो, आणि बदलताना डाव्या-उजव्याची जोडी पुन्हा मोजावी लागते.

पण ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात जास्त छळतो तो ओलावा. जून ते सप्टेंबर हवा दमट, वर गर्दीत आलेला घाम. नोझलच्या जाळीत पाण्याचा बारीक पापुद्रा धरला की जाळी बंद होते आणि ती बाजू एकदम मंद वाजते. पाणी डायनॅमिकच्या छिद्रांत गेलं तर लक्षण वेगळं असतं. नोझलजवळचं पुढचं छिद्र बुजलं की बास वाढतो आणि कानात दाब जाणवतो, मागचं बुजलं की बास आटतो. संच बिघडला असं समजून परत पाठवण्याआधी एक रात्र थांबावं.

टिप काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. नोझल जमिनीकडे धरून मऊ कोरड्या ब्रशने जाळी झाडावी, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. जाळीवर थेट स्पिरिट ओतू नये; ते मळ विरघळवून डँपरपर्यंत नेतं. मग छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर ठेवावं. तांदळात ठेवू नये, त्याची भुकटी छिद्रांत जाते. नारिंगी सिलिका जेल हिरवं झालं की ओलावा पिऊन तृप्त झालं असं समजावं. पुडीतून काढून ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये तापवलं की ते पुन्हा नारिंगी होतं. जाळी बदलायची वेळ आली तर व्हर्नियर कॅलिपरने नोझलचं माप घ्यावं आणि मूळ जाळीइतक्याच विणीची नवी चिकटवावी. दाट विणीची बसली तर जवारी पुन्हा मावळते. दोन्ही बाजूंच्या जाळ्या एकाच वेळी बदलाव्यात.